एका चाकावरचं पाणी

एसटीच्या सहा चाकांवर एकतीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर एका चाकावर आला, तेव्हा चांदूर रेल्वेच्या लोकांनी आपापल्या परीनं त्याचा अर्थ लावून पाहिला. पहिल्या पंधरवड्यात म्हणाले, महादेवराव इंगोल्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या पंधरवड्यात म्हणाले, सर्कशीत नाव घातलं असेल. तिसऱ्यात कुणी काहीच म्हणालं नाही, कारण तोवर बघायची सवय झाली होती. सकाळचे सहा वाजले की खाकी हाफपँट घातलेले हे गृहस्थ गावाबाहेरच्या पांदणीच्या तोंडाशी उभे राहत, एकचाकीवर टांग मारत आणि हेलकावे खात तुरीच्या शेतांमधून दिसेनासे होत.

एकचाकी त्यांना नवी नव्हती. सोळाव्या वर्षी मामाकडे अमरावतीला शिकायला होते, तेव्हा आखाड्यात शिकले. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमवाल्यांच्या पुढे एका चाकावर उभं आडवं जात, आणि बायका माडीवरून टाळ्या वाजवत. मग लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली आणि चाक आखाड्यातच राहिलं. निवृत्तीच्या दिवशी पुण्याहून मुलीनं, सीमानं, विचारलं, "बाबा, काय पाठवू?" महादेवरावांनी चार वेळा "काही नको" म्हटलं आणि पाचव्या वेळी लाजत लाजत सांगितलं. खोकं आलं. लुनाच्या टायरहून जाड टायर, वर बसायला खोगिरासारखी सीट, सीटच्या पुढे धरायला मूठ. पार्वताबाईंनी खोक्यात पुन्हा पुन्हा हात घालून पाहिला.

"एकच चाक हाये? दुसरं मांगून येऊन राह्यलं का?"

डांबरी सडकेवर चालवायला महादेवरावांना आवडत नसे. तिथं लोक थांबून बघतात आणि मजाही नाही. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी, बैलगाडीपुरती वाट. काळ्या मातीची ढेकळं, चाकोऱ्या, बाभळीची मुळं, मधेच कुणी ओलितासाठी टाकलेला पाइप. अशा वाटेवर एका चाकावर राहायचं म्हणजे डावा हात सीटच्या मुठीवर, उजवा हात हवेत तोल सावरायला, आणि जीव पायांच्या तळव्यांत. एकतीस वर्षं ज्यानं पन्नास माणसांचा जीव सांभाळला, त्याला फक्त स्वतःचा सांभाळायची ही चैन वाटायची.

पण घोडं अडलं पाण्यापाशी.

गाडीवर असताना ड्रायव्हर माणूस पाणी पीत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, तरी सगळे पाळतात. पाणी प्यायलं की थोड्या वेळानं गाडी बाजूला घ्यावी लागते, पन्नास माणसं खिडकीतून तुमच्या पाठीकडे बघत बसतात, आणि उशीर झाला की स्टँडवर कंट्रोलर घड्याळ दाखवतो. त्यापेक्षा तहान मारलेली बरी. अकोला ते अमरावती, अमरावती ते अकोला, मे महिन्यात इंजिनाची धग मांडीला लागत असताना महादेवराव सुपारी चघळत तहान मारीत. पाच-सहा वर्षांत ती मेलीच. पुढे तिला मारावंही लागलं नाही.

निवृत्तीला वर्ष होत आलं आणि मुतखड्यानं त्यांना अंगणात लोळवलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. एक किडनी आक्रसून निकामी झाली होती. दुसरी अजून नोकरीवर होती, पण थकलेली. "हिला पाणी द्या," डॉक्टर म्हणाले, "दिवसाचे तीन लिटर. ही गेली तर आठवड्यातून तीन दिवस मशीनवर झोपावं लागेल." महादेवरावांनी भीत भीत एकचाकीचं विचारलं. डॉक्टर भला माणूस. चालवा म्हणाले, व्यायाम चांगलाच आहे, पण घामाचं पाणी तिथल्या तिथं भरून काढायचं.

घरी आल्यावर पार्वताबाईंनी डॉक्टरांच्या चिठ्ठीखाली आपली तोंडी अट जोडली. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी अटी फार घातल्या नव्हत्या, म्हणून घातली ती वजनदार होती.

"पाणी संग न्यायचं अन् रिकामं घेऊन यायचं. ज्या दिवशी भरलेलं वापस येईन, त्या दिवशी चाक माळ्यावर."

आता एकचाकीला पाणी अडकवायचं कुठे? सायकलला नळी असते, तिला बाटली लावता येते. इथं सीट आणि चाक यांच्यामध्ये नुसती हवा. कमरेला बाटली बांधली तर ती प्रत्येक पायडलला मांडीवर आपटे. खांद्याला थर्मास लटकवला तर तो एका वळणावर आपल्या बाजूला गेला आणि महादेवरावांना तुरीत घेऊन गेला. मुलीला फोन गेला. "बाबा, त्याला हायड्रेशन बॅग म्हणतात," सीमा म्हणाली, "पाठीवरची पाण्याची पिशवी. नळी तोंडाशी येते." तिनं पाठवली ती तीन लिटरची. दहा कप्पे, एक शिट्टी, अंधारात चमकणारी पट्टी. पिशवी मानेखाली उंच बसायची, आणि ढेकळावरून चाक उसळलं की तीन लिटर पाणी आधी डावीकडे जायचं, मग महादेवराव डावीकडे जायचे. एका सकाळी सात वेळा पडले. अमरावतीच्या दुकानातून एक लहान आणली, तर तिच्या पाण्याला नव्या टायरची चव. मळमळून आलं. तिसरी घ्यायची हिंमत होईना, आणि पार्वताबाई तर माळ्याकडे बघायला लागल्या होत्या.

तेव्हा त्यांना अन्सारभाई आठवले.

अकोल्याच्या बसस्टँडमागे अन्सारभाईंचं सीट कव्हर आणि ताडपत्री शिवायचं दुकान. ड्रायव्हरच्या पाठीची जितकी काळजी या माणसानं केली तितकी महामंडळानंही केली नसेल. महादेवरावांनी नोकरीभर जी उशी प्रत्येक गाडीत सोबत नेली, ती अन्सारभाईंनीच शिवलेली. सत्तरी गाठलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि माणसाकडे बघण्याआधी त्याच्या पाठीकडे बघायची खोड.

"अरे महादेवभाऊ, ये क्या पहाड लादून आले?"

महादेवरावांनी सगळं सांगितलं. चाक, किडनी, सात वेळा पडणं, माळा. अन्सारभाईंनी ती तीन लिटरची पिशवी भरायला लावली, त्यांच्या पाठीवर बांधली आणि दुकानात येरझारा घालायला लावल्या. मग मशीन बंद करून, डोळे मिटून नुसते ऐकत बसले.

"पाणी बोलून राह्यलं," ते म्हणाले. "पाठीवरचं पाणी बोललं नाई पायजे."

त्यांनी पिशवी उतरवली, नळी वर धरली आणि पाण्यावर उरलेली सगळी हवा तोंडानं ओढून काढली. पिशवी पाण्याला चिकटून बसली. पुन्हा चालायला लावलं. आवाज गेला होता. महादेवरावांनी जोरात कंबर हलवून पाहिली, पाणी जागचं हललं नाही.

"तुमाले हे कोनं सांगतलं?"

अन्सारभाईंनी सुई उचलली. मग म्हणाले, "माये दादा, बापाचे बाप, भिश्ती व्हते. याच अकोल्यात घरोघरी पाणी टाकत. चामड्याची मशक, पाठीवर. दादा म्हनत, मशकीत हवा राह्यली का भिश्ती पडते. अन् मशक खांद्यावर नाई, कमरंवर बसली पायजे. वजन कूल्ह्यावर घ्या, मान मोकळी ठेवा." सुईत दोरा ओवायचा होता, तो त्यांना दोनदा चुकला. "शाळंत पोरं मले चिडवत. म्हनून म्या कधी कोनाले सांगतलंच नाई. आज पयल्यांदा कोनी त्या कामाचं इचारून राह्यलं."

महादेवरावांनी अन्सारभाईंचा सुईचा हात दोन्ही हातांत धरला. चष्म्यामागचे डोळे पाणावले होते.

आठवड्यानं पिशवी तयार झाली. बाहेरून ताडपत्रीचं कापड, आतमध्ये सीमानं पाठवलेलीच पाण्याची थैली, पण दोन लिटरच भरायची. रुंद पट्टा कमरेला, अरुंद दोन खांद्यांना. आणि खरी करामत नळीची. एकचाकीवर उजवा हात तोंडाकडे नेला तर तोल जातो, हे अन्सारभाईंनी फक्त ऐकून ओळखलं होतं. त्यांनी खांद्याच्या पट्ट्यात जाड तार शिवून नळी अशी वाकवली होती की मान जराशी वळवली की ती आपोआप ओठांना लागे. हात लावायचं कामच नाही.

दुसऱ्या दिवशी महादेवराव पांदणीवर गेले आणि एकदाही पडले नाहीत. पाठीवर पाणी आहे याची त्यांना आठवणसुद्धा राहिली नाही.

आणि तीच अडचण झाली. दोन तासांनी ते पांदणीच्या शेवटच्या वळणावर, बोरीच्या झाडाखाली उतरले आणि पिशवी चाचपली, तर ती जशीच्या तशी भरलेली. नळी ओठांशी होती, पाणी गोड होतं, आणि या माणसाला तहानच लागली नव्हती. सीटवर बसल्याबरोबर त्यांचं शरीर ड्यूटीवर गेलं होतं. ते उभे राहिले, गावाकडे बघितलं, अट आठवली. मग त्यांनी इकडंतिकडं पाहून पिशवीचं तोंड उघडलं आणि दोन लिटर पाणी बोरीच्या बुडाशी ओतून दिलं.

उद्यापासून पिऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. रोजच ठरवत होते. घरी पार्वताबाई पिशवी दाबून बघत, रिकामी लागली की खुशीनं मान हलवत आणि थालीपीठावर तुपाची धार जरा जास्त सोडत. ते थालीपीठ महादेवरावांच्या घशाखाली उतरताना त्रास देई, पण उतरे.

महिनाभर हे चाललं. फाल्गुन गेला, चैत्र आला, शिवार भाजून निघालं. एका दुपारी पार्वताबाई चुलीसाठी तुराट्या आणायला शेताकडे निघाल्या. पांदणीच्या वळणावर दोन बकऱ्यांची झुंज लागली होती. बाई जवळ गेल्या. चहूकडे जमीन भेगाळलेली, गवताची काडी नाही, आणि त्या एका बोरीखाली परातीएवढं हिरवंगार गवत. बकऱ्या त्यावरून भांडत होत्या. गवतापर्यंत धुळीत एका चाकाची रेघ आली होती, आणि तिथून पुढे चपलांचे ठसे.

त्या दिवशी तुराट्या आल्याच नाहीत. महादेवराव ओसरीवर बसले होते. पार्वताबाईंनी त्यांच्या हातात उपटलेल्या गवताची मूठ ठेवली.

"तुमचं पीक चांगलं आलं," त्या म्हणाल्या.

महादेवरावांची मान खाली गेली. एकतीस वर्षांत एकही अपघात न केलेल्या माणसाचा चेहरा अपघातात सापडल्यासारखा झाला होता.

"मले वाटे, मानूस पानी पेऊन राह्यला, जगून राह्यला," पार्वताबाई म्हणाल्या, आणि एवढा वेळ धरलेला आवाज फुटला. "म्या काई पिशवी दाबून पाहत नोती. तुमाले पाहत व्हती."

त्यांनी ओरडावं, भांडावं असं महादेवरावांना वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला, तोही वाईटच आला. चाक माळ्यावर गेलं. पिशवी खुंटीला लागली.

चार दिवसांनी महादेवराव पिशवी घेऊन अकोल्याला गेले. वापस करायला. "अन्सारभाई, पिशवी चांगली हाये," ते म्हणाले, "मानूस खराब हाये." आणि बोरीपासून रिपोर्टपर्यंत सगळं सांगून टाकलं. अन्सारभाई चिडले नाहीत. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"ड्यूटीवर असतांनी तुमी कधीच पानी नोते पेत?"

"गाडीवर कधीच नाई."

"मंग कधी पेत?"

महादेवरावांनी आठवून पाहिलं. "मूर्तिजापूरच्या स्टँडवर. गाडी उभी राह्यली, इंजिन बंद झालं का लगेच एक गिलास. बडनेऱ्यालेही कधी कधी."

"म्हंजे थांबा आला का पेत."

"हो, थांबा आला का."

"मंग तुमच्या त्या पांदनीवर थांबे कुठी हायेत?"

महादेवराव आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं. आगारात त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. या ड्रायव्हरनं कधी थांबा चुकवला नाही. भर दुपारी, जिथं कुत्रं उभं नसे, तिथंही महादेवरावांची गाडी हळू व्हायची, दार उघडायचं. मागचे लोक कुरकुरत. ते म्हणत, एखादी बाई सावलीला बसली असंन, धावत येईन, थांबा आपला हाये. पाणी चुकवणं त्यांच्या रक्तात होतं, पण थांबा चुकवणं नव्हतं.

पिशवी तशीच परत आणून त्यांनी पार्वताबाईंना हे सांगितलं, आणि सांगताना हात जोडले. बायकोपुढे हात जोडायची त्यांची ही पहिलीच वेळ. पार्वताबाई आत जाऊन जुन्या कॅलेंडरचं पान आणि पेन घेऊन आल्या. "थांबे मी ठरवीन," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं पांदणीनं पायी गेली. पार्वताबाई पुढे, महादेवराव मागे. बाईंनी थांबे ठरवले: पडकी विहीर. लोखंडी फाटक. दोन बाभळी, हा विनंती थांबा. म्हसोबाचा दगड. आणि बोरीचं झाड, हा सगळ्यात मोठा थांबा, इथं दुप्पट प्यायचं, कारण इथलं देणं बाकी आहे. प्रत्येक थांब्यावर उतरायचं, सहा घोट मोजून प्यायचे, मगच निघायचं. चाक माळ्यावरून उतरलं, आणि पहिले आठ दिवस त्या स्वतः सोबत चालल्या. महादेवरावांचे सहा घोट झाले की हातातल्या डब्यावर चमच्यानं दोनदा वाजवायच्या. टिंग टिंग. कंडक्टरची डबल बेल. आणि काय सांगावं, तो आवाज ऐकल्याबरोबर महादेवरावांचा पाय आपोआप पायडलवर जायचा.

आठ दिवसांनी बाई घरी राहिल्या, पण थांबे राहिले. विहीर आली की महादेवरावांना चैनच पडेना, उतरावंच लागे. पंधरा दिवसांनी एक चमत्कार झाला. बाभळी अजून दूर होत्या आणि त्यांना तहान लागली. खरीखुरी, घशातली. ते चाकावरून उतरून पांदणीत उभेच राहिले. किती वर्षांनी भेट होत होती कुणास ठाऊक. मान वळवून त्यांनी नळी ओठांत धरली आणि घोट न मोजता प्याले.

पुढचा रिपोर्ट बरा आला. त्याच्या पुढचा आणखी बरा. डॉक्टरांनी पाठ थोपटली, ती महादेवरावांची. खरं तर ती शाबासकी अकोल्याला आणि स्वयंपाकघरात जायला हवी होती.

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा भरते. नोकरीत असताना दरवर्षी जत्रेच्या जादा गाड्या महादेवरावांकडे असत. हजारो माणसं त्यांनी वर्धेच्या काठी नेऊन सोडली, पण स्वतः कधी देवळापर्यंत गेले नाहीत, गाडीतच आडवे होत. या वर्षी त्यांच्या मनात आलं, आपण जायचं. पांदणी-पांदणीनं, एका चाकावर. देवाला सांगायचं होतं की एक किडनी तरी ठेवलीस, बायको दिलीस, अन्सारभाई दिलास, पुष्कळ झालं.

पार्वताबाईंनी विरोध केला नाही. कॅलेंडरचं नवं पान घेतलं, चौदा थांबे लिहून दिले, वाटेत पिशवी कुठं भरायची तेही लिहिलं, आणि स्वतः जत्रेच्या गाडीनं निघाल्या.

महादेवराव पहाटे उजाडता निघाले. कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बाया सरळ उभ्या राहून बघत आणि एकमेकींना हाका मारून दाखवत. दोनदा पडले, एकदा ओढ्यात चाक खांद्यावर घेऊन उतरले. पण चौदाही थांबे घेतले. एका जागी थांब्यावर झाडच नव्हतं, कुणी तोडून नेलं होतं, तर ते बुंध्यापाशी उतरून प्याले. दुपारी एकच्या सुमारास जत्रेचे पाळणे दिसले, मग नदी दिसली, आणि घाटाच्या वरच्या पायरीवर पार्वताबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या दिसल्या.

त्या धावतच आल्या. आल्या त्या आधी पिशवीला हात घातला. दाबून पाहिली.

"दोन घोट हायेत अजून."

"शेवटचा थांबा आत्ता आला नं," महादेवराव म्हणाले आणि नळीकडे मान वळवली. तेवढ्यात त्यांचं लक्ष बायकोच्या ओठांकडे गेलं.

ओठ कोरडे होते. पांढरट, कडा उललेल्या. हे ओठ त्यांनी कुठं तरी पाहिले होते. कुठं तरी कशाला, रोज पाहिले होते. ड्रायव्हरच्या डोक्यावर आरसा असतो, त्यात मागची सगळी गाडी दिसते. एकतीस वर्षं त्या आरशात अशा ओठांच्या बाया बसलेल्या होत्या. मांडीवरच्या लेकराला बाटलीनं पाणी पाजत, आणि झाकण लावून बाटली पिशवीत ठेवून देत. गाडी आडरानात थांबली की पुरुष उतरून बाभळीआड जात. बाया बसून राहत.

"तू पानी कधी पेली?"

"सकायी च्या घेतला नं."

"पानी इचारून राह्यलो."

"आवं, गाडीत कोठी पेते बाईमानूस पानी?" पार्वताबाई म्हणाल्या. उन्हाळ्यात ऊन तापतं, असं सांगावं तितक्या साधेपणानं. "उतराले जागा पायजे नं."

महादेवराव घाटाच्या पायरीवर बसले. सात महिने ही बाई आपले घोट मोजत होती. आणि आपण चौतीस वर्षांत हिचा एक मोजला नाही. गाडीतल्या त्या बायांचा तर हिशेबच नाही. सगळे थांबे घेतले म्हणून मिरवत आलो आणि त्यांच्या थांब्याला गाडी कधी उभीच केली नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पार्वताबाई घाबरल्या, त्यांना वाटलं कमरेत कळ आली.

महादेवरावांनी पिशवी पाठीवरून काढली, कमरेचा पट्टा पार्वताबाईंच्या कमरेला लावला. तो दोनदा गुंडाळावा लागला. नळी त्यांच्या ओठांशी वाकवली.

"लोक पाह्यतीन नं!"

"पाहू दे."

पार्वताबाईंनी पदर ओढून घेतला आणि त्याआड ते दोन घोट प्याल्या. "ताडपत्रीचा वास येते जरा," त्या म्हणाल्या, "पन थंड हाये."

देवळात जाण्याआधी महादेवरावांनी जत्रेत फिरून बायांसाठीची मोरी कुठं आहे ते शोधलं आणि बायकोला दाखवून ठेवली. मग पिशवी नळावर भरली, नळी वर धरून हवा ओढून काढली, आणि तिथूनच अन्सारभाईंना फोन लावला.

"पोचलो. चौदा थांबे घेतले. अन्सारभाई, अजून एक पिशवी शिवजा."

"काऊन, फाटली का?"

"नाई. घरच्यासाठी पायजे. पट्टा लहान ठेवजा. प्रवासात पाणी पेत नाई ती." पुढचं अन्सारभाईंनी पाठीकडे न बघताच ओळखलं असावं. पलीकडे मशीनचा आवाज थांबला.

"दोन शिवतो," ते म्हणाले. "एक जहाँआरासाठी. पंचेचाळीस वर्सं झाली निकाहले. पाणी वाहनाऱ्या घरातला मी, अन् हे मलेही दिसलं नाई."

परतीच्या गाडीत महादेवराव पुढच्या सीटवर बसले, चाक पायाशी, शेजारी पार्वताबाई, कमरेला पिशवी. गाडी कुऱ्ह्याच्या पुढं आली तेव्हा ते उठून ड्रायव्हरपाशी गेले. ड्रायव्हर तरुण होता, पण आगारात त्यांचं नाव ऐकून होता.

"पुढं पेट्रोल पंप हाये," महादेवराव म्हणाले. "तिथं बायांसाठी सोय हाये. दहा मिनिटं उभी करजा."

"काका, पंपावर थांबा नाई आपला."

"माहीत हाये," महादेवराव म्हणाले. "एकतीस वर्सं मीबी हेच सांगतलं."

ड्रायव्हरनं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा डोक्यावरच्या आरशात बघितलं. गाडी पंपावर घेतली. आधी कुणी हललं नाही. मग पार्वताबाई उठल्या. त्यांच्यामागून एक लेकुरवाळी उठली, मग एक म्हातारी, मग कॉलेजातल्या दोघी, आणि बघता बघता गाडीतल्या निम्म्याहून जास्त बाया खाली उतरल्या. दहाची पंधरा मिनिटं झाली. कुणी कुरकुरलं नाही, म्हणजे एक जण कुरकुरला, पण महादेवरावांनी मागे वळून बघितल्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

पार्वताबाई सगळ्यात शेवटी चढल्या. जागेवर बसल्या, मान वळवून नळी ओठांत धरली आणि सावकाश, मोजल्यासारखे सहा घोट प्याल्या. मग हातातल्या कापडी पिशवीतून डबा काढला आणि त्यावर चमच्यानं दोनदा वाजवलं.

कंडक्टर हसला. ड्रायव्हरनं गाडी गिअरमध्ये टाकली.